बागेचा व्हॉल्व्ह ज्यांच्या सहीने उघडला, त्या साहेबांना

साहेब,

पत्राच्या सुरुवातीला क्षेमकुशल विचारायची रीत आहे. तुमचं कुशल मला येता-जाता दिसतं. ऐन एप्रिलात तुमच्या देखरेखीतलं लॉन हिरवंगार आहे. आमचं कुशल असं की, नळाला पाच दिवसांनी पाणी येतं, तेही पाऊण तास. तुमच्या गवताला मात्र रोज येतं, दोन वेळा. आमच्या अख्ख्या वॉर्डात रोज पाणी मिळणारा रहिवासी तेवढा एकच, आणि तो पाणीपट्टी भरत नाही.

शहराचं नाव मी लिहीत नाही, तुमचंही लिहीत नाही. तुम्ही स्वतःला ओळखाल. बाकीच्या वाचकांना आपापल्या गावातला साहेब आठवेल याची मला खात्री आहे, आणि दुःखही त्याचंच आहे.

मी कोण, तेही सांगतो. ३१ वर्षं मी फिल्टर प्लांटवर ऑपरेटर होतो. रात्रपाळ्या केल्या, क्लोरीनच्या वासात जेवलो, पाण्याखातर सणवार प्लांटवर काढले. त्यामुळे पाणी ही नळ फिरवला की येणारी वस्तू आहे, असं मला कोणी सांगू नये.

गेल्या मंगळवारी दुपारी दोनच्या सुमाराला मी बागेत गेलो. पारा ४२ वर. माणसाचं नाव नव्हतं, कुत्रीसुद्धा कडुनिंबाखाली जीभ काढून पडली होती. लॉनच्या मधोमध हिरवा होज सोडून दिलेला. पाणी गवतात मावेना, म्हणून पेव्हर ब्लॉकवरून वाहत वाहत गेटपर्यंत आलं होतं आणि बाहेरच्या गटारात पडत होतं. होजच्या जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, तिच्यातून बारीक पिचकारी उडत होती. त्या पिचकारीखाली शेजारच्या वस्तीतली एक बाई कळशी लावून बसली होती. मला बघताच ती उठायला लागली. तिला वाटलं, मी तुमचा माणूस. मी म्हटलं, ‘बसा ताई, भरा.’ ती म्हणाली, ‘टँकर परवा येणार हाय,’ आणि तोंड फिरवून बसली.

माझ्या पिशवीत अजूनही सवयीने क्लोरीन तपासायच्या ओ.टी.ची बाटली असते. होजचं पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, चांगलं गडद पिवळं. आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरी तीच टेस्ट केली तर रंग येतोय की नाही, हे नळी उजेडात धरून बघावं लागतं. या रंगाचा अर्थ तुम्हाला कळत नसेल तर मी सांगतो. टाकीतून निघालेल्या मोठ्या लाइनलाच तुम्ही बागेचा जोड मारलाय. शहरातलं सगळ्यात ताजं, क्लोरीन शाबूत असलेलं पाणी आधी गवताला जातं आणि उरलेलं माणसांकडे येतं.

त्या पाण्याची जन्मकथा ऐका. धरणातल्या जॅकवेलमधून ते उचललं जातं, तिथे विजेचं पहिलं बिल. पावसाळ्यात ते प्लांटवर येतं तेव्हा चहासारखं गढूळ असतं. रात्री दोन वाजता उठून आम्ही जार टेस्ट करायचो, तुरटीचा डोस ठरवायचो. डोस चुकला तर गाळ खाली बसत नाही, फिल्टर बेड चोक होतात आणि सकाळी अर्धं शहर कोरडं राहतं. गाळ बसला की पाणी वाळूच्या थरांतून झिरपतं. मग क्लोरीन. भारतीय मानक १०५०० सांगतं की, नळाच्या पाण्यात दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, म्हणजे वाटेत एखादा जंतू शिरला तरी पोराबाळांना जुलाब-कावीळ व्हायची नाही. त्यानंतर पुन्हा पंप, पुन्हा वीज, उंचावरची टाकी आणि मग तुमचा होज.

यातल्या कोणत्या गोष्टीची गवताला गरज होती, साहेब? गवताला कावीळ होत नाही. त्याला तुरटी नको, वाळूचा फिल्टर नको, क्लोरीन तर नकोच नको. इतकी माणसं राबली ती कोणाच्या तरी तांब्यात स्वच्छ पाणी पडावं म्हणून. तुम्ही ते पेव्हर ब्लॉकवर ओतलंत.

आता हिशेब मांडू. तो इतका सोपा आहे की चौथीतलं पोर करील. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी द्यायला एक लिटर लागतं. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर दिवसाला पाच मिलिमीटर हातचं राखून धरतो, प्रत्यक्षात जास्तच लागतं. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकरी रोज २० हजार लिटर, दहा हजारी टँकर दोन. शहरी माणसासाठी सरकारी मापदंड आहे दिवसाला १३५ लिटरचा. एक एकर लॉन रोज दीडशे माणसांचं पाणी पितं. तुमच्या बागेत लॉन दोन एकर आहे. तीनशे माणसं झाली. आम्ही पाच दिवस नळाकडे डोळे लावून बसतो, तेवढ्यात तुमचं गवत दोन लाख लिटर पिऊन मोकळं होतं. आणि हे झालं नीट हाताने दिलेल्या पाण्याचं गणित. भर दुपारी सोडून दिलेल्या होजचं गणित मी मांडत नाही, कारण तुमच्या जोडाला मीटरच नाही.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. मागे तक्रार घेऊन आलो तेव्हा तुम्ही खुर्चीतून न उठता म्हणाला होतात, ‘काका, तुम्हाला झाडं नकोत का?’ त्या प्रश्नाचं उत्तर आज सगळ्यांसमोर देतो. झाडं हवीत. बागही हवी. माझी नात याच बागेत चालायला शिकली. संध्याकाळी वस्तीतल्या पत्र्याच्या घरांत बसवत नाही, तेव्हा बायका लेकरं घेऊन इथेच येतात. ज्यांच्या घरात पंखासुद्धा धड फिरत नाही, त्यांच्यासाठी ही सावलीच कूलर आहे. बाग सुकावी असं मला स्वप्नातही वाटत नाही. म्हणूनच तिला असं पाणी द्या, जे दुष्काळात कोणी तिच्या तोंडातून काढून घेणार नाही. पिण्याच्या पाण्यावर जगवलेली बाग पहिल्या दुष्काळातच मरते, कारण त्या वेळी कलेक्टर सगळ्यात आधी तिचाच नळ बंद करतो.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. महसुलाच्या दफ्तरात जमिनीच्या नावातच तिचं पाणी सांगितलेलं असे. पावसावरची ती जिरायत, विहिरीवरची मोटस्थळ, पाटावरची पाटस्थळ. आधी पाण्याचं नाव, मग बागायत. तुमची बाग कुठल्या खान्यात लिहायची? तिला ‘नळस्थळ’ असा नवा खाना काढावा लागेल, आणि त्या खान्यात तुमची सही लागेल.

आता तुमच्या हाताशी असलेली पाणी एकेक करून मोजतो. तुम्ही ती मोजली नाहीत, हाच माझा आरोप आहे.

पहिलं पाणी तुमच्याच कुंपणाच्या आत आहे. बागेच्या ईशान्य कोपऱ्यात दगडी बांधणीची विहीर आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा माळी तिच्यावरच बाग भिजवायचे. पावसाळा संपताना तिचं पाणी हाताला लागेल इतकं वर यायचं. पुढे तिच्यात निर्माल्य पडलं, थर्माकोलची मखरं पडली, प्लास्टिक पडलं. ते काढण्याऐवजी तुम्ही तिच्यावर स्लॅब टाकलात आणि स्लॅबवर शहराच्या नावाची रंगीत अक्षरं उभारून सेल्फी पॉइंट केलात. पोरं तिथे फोटो काढतात. त्यांच्या पायाखाली बागेचं हक्काचं पाणी गाडलंय, हे त्यांना कोणी सांगत नाही. स्लॅब फोडा, गाळ काढा, लोखंडी जाळी बसवा आणि बागेतल्या सगळ्या उतारांचं, ऑफिसच्या छताचं पावसाचं पाणी गाळून तिच्या आजूबाजूला मुरवा. छताचं पाणी टाकीत साठवून उन्हाळा निघेल अशी स्वप्नं मी दाखवणार नाही. २०० चौरस मीटर छतावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला तरी हाती येणारं पाणी लाख-सव्वा लाख लिटर, म्हणजे तुमच्या लॉनचे तीन दिवस. पावसाचं पाणी जमिनीत जिरवायचं आणि विहिरीतून जपून काढायचं, त्यातच त्याचं मोल आहे.

इथे तुम्ही लगेच बोअरची फाइल पुढे कराल, म्हणून आधीच सांगतो. बोअर हा इलाज नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खालच्या खडकाच्या भेगांत. सहाशे फूट खाली जाऊन तुम्ही ज्या भेगेतलं पाणी ओढाल, तीच भेग वस्तीतल्या हापशाला पाणी देत असेल. तुमचं लॉन हिरवं होईल आणि त्या ताईच्या दारचा हापसा हवा ओकायला लागेल. पाणी माणसाकडून काढून गवताला द्यायचं, हाच तुमचा आजवरचा धंदा. बोअरने तो जमिनीखालून चालेल एवढंच.

दुसरं पाणी फिल्टर प्लांटवर आहे. वाळूचे बेड रोज उलट्या पाण्याने धुवावे लागतात. त्याला आम्ही बॅकवॉश म्हणतो. प्लांट नीट चालला तरी शंभर लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी यात जातं. जिथे ते परत वापरात घेतात तिथे ठीकच आहे. आपल्याकडे ते नाल्यात सोडतात. ते टाकीत थांबवलं, गाळ खाली बसू दिला, तर वरचं पाणी रस्त्याकडेच्या झाडांना चालतं. मी सेवेत असताना हे दोनदा लिहून दिलं होतं. कागद तुमच्याच कार्यालयात आहे.

तिसरं पाणी सगळ्यात मोठं आणि सगळ्यात भरवशाचं: आपलं सांडपाणी. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के गटारात जातं, असं ड्रेनेजची आखणी करताना धरतात. १३५ लिटरचे १०८ लिटर. तुमच्या दोन एकर लॉनला लागणारं पाणी म्हणजे पावणेचारशे माणसांचं सांडपाणी. बागेला लागून असलेल्या दोन सोसायट्या पुरे. पाऊस पडो न पडो, माणसं आंघोळ करणार, भांडी घासणार. शहर जिवंत आहे तोवर हा झरा आटत नाही.

‘लोक नाक मुरडतील,’ असं तुम्ही मी तक्रार घेऊन आलो त्या दिवशी म्हणालात. आफ्रिकेतल्या नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळतेय. सिंगापूरने २००३ मध्ये तेच सुरू केलं. ती माणसं ते पितात, आणि तुमचं धाडस गवतावर ओतण्यापर्यंतही पोचत नाही. परदेश लांब वाटत असेल तर चंदीगडला जा, तिथे उद्यानांना शुद्ध केलेल्या सांडपाण्याची वेगळी पाइपलाइन आहे. बंगळूरच्या कब्बन पार्कची झाडं अशाच पाण्यावर भिजतात. त्याच बंगळूरने मार्च २०२४ मध्ये टंचाई आली तेव्हा बागेला पिण्याचं पाणी घालणाऱ्याला पाच हजार रुपये दंड ठेवला. आपल्या राज्यातच बघायचं तर नागपूरला जा. भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी पाइपातून कोराडीच्या वीजकेंद्रात जातं, दिवसाला १३ कोटी लिटरचा तो प्रकल्प आहे. त्या पाण्यावर वीज तयार होते. आपल्याकडे त्यावर दूर्वा उगवत नाहीत, कारण तुम्ही लाइन टाकली नाही.

आणि २०१६ चा एप्रिल तुम्ही विसरला असाल, मी विसरलो नाही. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याच आठवड्यात क्रिकेटच्या मैदानांवर पाणी मारण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात होता. न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. त्याआधी सुनावणी चालू असताना क्रिकेट मंडळाला अचानक आठवलं होतं की, खेळपट्ट्यांसाठी महालक्ष्मी रेसकोर्सवरचं शुद्ध केलेलं सांडपाणी मिळू शकतं. ते पाणी त्याच्या आदल्या दिवशीही तिथेच होतं. कोर्टाने कान पिळल्याशिवाय दिसलं नाही. तुमच्यासाठी कोर्टाची वाट बघायची माझी इच्छा नाही, म्हणून हे पत्र.

सांडपाण्याचं काम मात्र अर्धवट केलेलं मला चालणार नाही. नाल्यात मोटार टाकून कच्चं पाणी बागेत फवारलंत, तर तक्रार घेऊन मीच पहिला येईन. पोरं ज्या गवतावर लोळतील तिथे पाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत गाळलेलं आणि निर्जंतुक केलेलं हवं. पाइप वेगळ्या रंगाचा हवा, पिण्याच्या लाइनला त्याचा कुठेही जोड नको. नळावर ‘पिण्यासाठी नाही’ असं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा, शेजारी चित्रही काढा, कारण तहानलेलं पोर आधी चित्र बघतं. फवारे बाग बंद झाल्यावर रात्रीच चालवा, झाडांना ठिबक द्या. या पाण्यात क्षार जास्त असतात. आपल्या काळ्या मातीत ते साठले की जमीन चोपण होते. म्हणून दर वर्षी माती तपासा, पाण्याचा निचरा मोकळा ठेवा, पावसाने क्षार धुऊन जाऊ द्या. हे सगळं आमच्याकडच्या साध्या ज्युनियर इंजिनियरला येतं. त्याला फक्त तुमची सही हवी.

चौथं पाणी म्हणजे न लागणारं पाणी. दोन एकर कार्पेट लॉन हवंच कशाला? ज्यावर बसायला तुमचा वॉचमन शिट्टी मारून मनाई करतो, ते गवत कोणासाठी आहे? पोरांच्या खेळापुरतं अर्धा एकर ठेवा. बाकी जागेत करंज, कडुनिंब, बहावा, आपटा लावा. दोन-तीन उन्हाळे जगवलीत की ती स्वतःच्या मुळांवर उभी राहतात आणि सावली देतात. गवताने आजवर कोणाला सावली दिली नाही. पानगळीचा पाचोळा तुम्ही गोळा करून मागच्या भिंतीपाशी जाळता. तोच आळ्यात पसरा, ओल चार दिवस जास्त टिकते. आणि पाणी रात्री नाहीतर पहाटे द्या. दुपारी दोनला दिलेलं पाणी मुळापर्यंत जाण्याआधीच उन्हाच्या पोटात जातं, हे शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही विचारा.

त्या मंगळवारी मी माळ्याला शोधून काढलं. मागच्या खोलीत डबा उघडून बसला होता. तो म्हणाला, ‘काका, मला कळत नाही का? पण गवत पिवळं दिसलं की साहेब माझा दिवस मांडत नाहीत.’ म्हणून माझं भांडण त्याच्याशी नाही. होज त्याच्या हातात आहे, व्हॉल्व्ह तुमच्या. गवत पिवळं पडलेलं तुम्हाला मोटारीतून दिसतं. होजच्या पिचकारीखाली कळशी घेऊन बसलेली बाई त्याच मोटारीतून दिसत नाही.

माझ्या मागण्या चारच आहेत, आणि पैशाआधी त्यांना मन लागतं. या आठवड्यात बागेच्या जोडाला मीटर बसवा. पावसाळ्याआधी विहिरीवरचा स्लॅब काढा. दिवाळीपर्यंत शुद्ध केलेल्या सांडपाण्याच्या लाइनचा आराखडा लोकांसमोर ठेवा. आणि गेटवर एक फळा लावा, त्यावर दर महिन्याला लिहा: बागेला कुठलं पाणी दिलं आणि किती लिटर. फुलं तोडू नका, गवतावर चालू नका, असे सात फलक तिथे आहेत. ते सगळे आमच्यासाठी आहेत. एक तुमच्यासाठी असू द्या.

दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी मी बागेत येणार आहे. होजखाली काचेची नळी धरणार आणि थेंब टाकणार, सगळ्यांच्या देखत. ज्या दिवशी तुम्ही विहिरीचं पाणी सोडाल, त्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं होणार नाही. तो रंग न बदललेला बघायची मला फार आस आहे. त्या सकाळी मी होऊन तुमच्या ऑफिसात येईन आणि सगळ्यांसमोर तुमचे आभार मानीन. तोवर मात्र दर महिन्याला त्या नळीचा फोटो तुमच्या वरिष्ठांकडे जाईल आणि खाली तारीख असेल.

त्या ताईची कळशी भरायला त्या दिवशी अर्धा तास लागला. मी मोजला. तेवढा वेळ तुमचा होज मोकळा वाहत होता.

आपला,
फिल्टर प्लांटवरचा एक निवृत्त ऑपरेटर